बाई थांबतात

"तू जाऊन ये. बाई थांबतात."

शेजारच्या खुर्चीतला माणूस नुसता हलला, तरी काकांचा अंगठा रिमोटवर पडायचा. टीव्हीवरची ती परदेशी नटी असेल तशी उभी राहायची. कधी अर्ध्या हसण्यात, कधी एक डोळा मिटलेला. कुकरची शिट्टी होवो, दारात मासेवाली येवो, नाहीतर माझ्यासारखा वायरवाला काम आटोपून पळायला बघो, काकांचं वाक्य ठरलेलं.

मी रत्नागिरीत आधी केबल जोडायचो, आता इंटरनेट जोडतो. लोकांच्या घरात मी जितका शिरतो, तितके त्यांचे जावईसुद्धा शिरत नसतील. तुम्हीही आजूबाजूला बघणारी माणसं असाल, तर तुमच्या लक्षात आलं असेल की एकटं राहणारं माणूस आमच्यासारख्यांना लवकर सोडत नाही. राउटर ठणठणीत चालू असतो, तरी "जरा बघून जा रे" असा फोन येतो. काकांचा महिन्यातून दोनदा यायचा.

भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या दहा पायऱ्या उतरलं की त्यांचं घर. उभा जन्म बोटीवर गेला, भंडारी म्हणून, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा डोंबिवलीला. ओटीवर टीव्हीसमोर दोन खुर्च्या. वेताची त्यांची, प्लास्टिकची येईल त्याची. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रोज सकाळी फडकं फिरायचं. बसायला कोणी येवो न येवो.

बाई युरोपातल्या कुठल्याशा. त्यांचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, आणि चुकीचं उच्चारलेलं काकांना खपत नसे. "तू आपला बाईच म्हण," असा मला हुकूम होता. सिनेमात त्या कधी न्यायाधीश, कधी खुनी, कधी मासे विकणारी, कधी मठातली म्हातारी. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, काका ती वाचायचे नाहीत. ते बाईंचे हात बघायचे.

"बघ, कांदा कसा चिरतायत! बाकीच्या नट्या नुसती सुरी हलवतात रे. आणि टोप घासतायत तो बुडापासून. अशी बाई बोटीवर पाहिजे होती, मेल्या."

"काका, न्यायाधीश झाल्या तेव्हा काय घासत होत्या?"

"तेव्हा चष्मा पुसत होत्या. निकाल द्यायच्या आधी दोनदा पुसला. बघितलास? नाय बघितलास. तू मोबाईल बघत होतास."

खरं होतं. मी मोबाईलच बघत होतो.

पण काकांना सगळ्यात कौतुक होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. "आमच्या वाडीत नमनाचा खेळ बसवायचा तर एक गाणारा लागतो, एक नाचणारा, एक बसवणारा, आणि चौथा ह्या तिघांची भांडणं सोडवणारा. बाई एकट्या. काम करणार बाई, बसवणार बाई, गाणार पण बाई. शेवटी नावं येतात ना, त्यात बाईंचं नाव तीनदा येतं." मग तीन बोटं माझ्या तोंडासमोर नाचवायचे. "ते बघायला शेवटपर्यंत बसायचं असतं."

मी कधी बसलो नाही. पाऊण तास म्हणजे डोक्यावरून पाणी. शेजारचेही तसेच. 'काकांचा सिनेमा' म्हटलं की पाखाडीवरच्या प्रत्येकाला घरी काहीतरी काम आठवायचं.

एकदा मी विचारलं, "एवढ्या नट्या जगात, ह्याच बाई का?"

काका बांगडे साफ करत होते. हात न थांबवता सांगायला लागले. बोट परदेशात दुरुस्तीला लागली होती. थंडी मरणाची. त्याच आठवड्यात घरून तार आली, आई गेली. "चाळीस माणसांचं जेवण करायचं, रडणार कधी?" सुट्टीच्या दिवशी ऊब मिळेल म्हणून एका लहानशा थिएटरात शिरले. तिथे ह्या बाई गात होत्या. तरुण होत्या तेव्हा, फारसं कोणी ओळखत नव्हतं.

"एक अक्षर कळलं नाय. पण मला हुंदका आला. मी पुढच्याच रांगेत. बाईंनी बघितलं नि गाणं थांबवलं. अख्खं थिएटर गप्प. मी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग त्यांनी पुढचं म्हटलं."

आता काका म्हणजे एक बांगडा गळाला लागला तर टोपली सांगणारा माणूस. मी मनात म्हटलं, लावली थाप! पण त्यांनी ते गाणं गुणगुणलं. शब्द नव्हतेच, नुसती चाल. मध्ये एका जागी ते थांबले, डोळे पुसून नाक शिंकरायला लागेल तेवढा वेळ, आणि पुन्हा सुरू झाले.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "अरे, बाईंचा नवीन आलाय! म्हाताऱ्या झाल्यात, पण तिन्ही कामं त्यांचीच असणार. पैज लाव. आज शेवटपर्यंत बसायचं हां."

गेलो. त्यांनी काकडीचं धोंडस केलं होतं, माझ्यासाठी कडेचा खरपूस तुकडा काढून ठेवला होता. सिनेमा सुरू झाला. बाईंचे केस पांढरे, चाल संथ. काका एकदाही बोलले नाहीत. तिसरा हिस्सा झाला असेल नसेल, माझा फोन वाजला. हातखंब्याला रस्त्याच्या खोदकामात आमची वायर तुटली होती. मी उठलो. पडद्यावर बाई दारात उभ्या होत्या, कडीवर हात ठेवून. अंगठा पडला.

"तू जाऊन ये. बाई थांबतात."

"तासाभरात येतो, काका."

वायर जोडायला रात्र झाली. मग मुंबईचे चाकरमानी आले. घराघरात नेट पाहिजे, कालच्या काल पाहिजे. काकांचा फोन आला. "बाई थांबल्यात रे." म्हटलं, विसर्जन झालं की येतो. विसर्जनानंतर पुन्हा फोन. म्हटलं, नवरात्र होऊ दे. त्यानंतर फोन आला नाही. मला, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर काका झोपेतच गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

तेरावं झाल्यावर त्यांच्या मुलाने बोलावलं. "कनेक्शन बंद करायचंय, दादा. घराला कुलूप लावून जातोय." बरा माणूस, बापासारखेच कान मोठे. मी राउटरकडे जायच्या ऐवजी टीव्ही लावला. सवय.

बाईंचे सगळे सिनेमे ओळीने आले. किती बघून झालं ते सांगणारी एक लाल रेघ प्रत्येकाखाली असते. ती मीच त्यांना शिकवली होती. सगळ्या सिनेमांखाली रेघ पार शेवटापर्यंत गेलेली. फक्त नव्याखाली तिसऱ्या हिश्श्यावर थांबलेली. दीड-दोन महिने माणूस ह्या घरात एकटा बसला होता, रिमोट हातात होता, आणि बाईंचा नवा सिनेमा त्याने पुढे पाहिला नव्हता.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"काढायची ना वायर?" मुलगा म्हणाला.

"थांब जरा. मला हे बघायचंय."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. खुर्चीवर धूळ होती. बटण दाबलं. बाईंनी कडी काढली आणि घरात गेल्या. पुढे त्यांनी भाकरीसारखं काहीतरी भाजलं, उलटताना बोट पोळलं, ते कानाच्या पाळीला लावलं. शेवटी गाणं आलं. चाल ओळखीची होती. मध्ये एका जागी बाई थांबल्या. तेवढाच वेळ.

मग नावं सुरू झाली. उच्चारता आलं नाही तरी वाचता येतं मला. एकदा आलं. दुसऱ्यांदा आलं. बऱ्याच वेळाने, अगदी खाली, तिसऱ्यांदा आलं, आणि मी तीन बोटं वर करून शेजारी वळलो.

वेताच्या खुर्चीत मुलाने राउटर काढून ठेवायला रिकामं खोकं आणून ठेवलं होतं.