गोजरकाकूचं गवत आणि वाडीच्या कोंबड्या

गवत पेरणारी बाई तुम्ही पाहिलीय का? आमच्या म्हशाजवळच्या वाडीत आहे, गोजरकाकू. आमच्याकडे पेरतात ते भात; गवत आपलं आपण उगवतं. त्यामुळे काकूनं घरामागच्या माळावर चाऱ्याच्या गवताचं बी पेरलं तेव्हा अख्खी वाडी हसली. मीही हसले. पण काकूचा जीव टांगणीला लागला होता. वैरण विकत आणणं आता जमायचं नाही, म्हशाच्या जत्रेत गाय विकायची, असं तिच्या नवऱ्यानं, चंदरकाकांनी, सांगूनच टाकलं होतं. आणि कपिली तर काकूनं वासरापासून वाढवलेली! घरचं गवत झालं तरच ती राहणार होती.

गवत वीतभर झालं आणि एका सकाळी काकूची हाक वाडीभर गेली.

"अगो नम्रता, धाव गो! माझा गवत खाल्ला!"

मी धावले. कोवळ्या पात्यांवर अळ्याच अळ्या! बांधाकडची पट्टी तर पार फस्त. लष्करी अळी म्हणतात ती हीच. औषध मारावं तर तेच गवत गाईच्या पोटात जाणार, म्हणून काकू त्याचं नावही काढू देईना.

"भाताला करतो तसाच करू," ती म्हणाली.

भातात अळी पडली की आम्ही दोन बाजूंनी दोरी धरून पिकावरून ओढतो. अळ्या खाचरातल्या पाण्यात पडतात आणि पाणी सोडलं की वाहून जातात. काकूनं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. टपाटप अळ्या पडल्या! काय खूश झालो आम्ही! दुसऱ्या सकाळी बघतो तर सगळ्या पुन्हा पात्यांवर.

चंदरकाका बांधावर दात घासत उभे होते. "अगो, माळावर पानी कुठं हाय? पडल्या नि परत चढल्या."

हात्तिच्या! एवढी साधी गोष्ट दोघींच्या डोक्यात आली नव्हती. काकू इरेला पेटली आणि पुन्हा दोरी ओढायला लागली. तेवढ्यात माझी एक कोंबडी कुंपणातून आत शिरली आणि दोरीमागून पडलेल्या अळ्या टिपू लागली. मी तिला हाकलणार, तोच काकू ओरडली, "हाकलू नको गो! आनखी आन!"

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारच्या रंभा, वत्सला, सगळ्या आपापल्या कोंबड्या टोपल्यांत घालून हजर. पुढे दोरी, मागे कोंबड्यांची फौज, आणि त्यांच्यामागे काठी घेतलेली काकू. पोट भरलं की कोंबड्या माती उकरतात, मग कोवळी रोपं मुळासकट जायची. पहिलीनं पाय मारला की काकू सगळ्यांना बाहेर काढायची. अळी दिसेनाशी होईपर्यंत रोज सकाळी हा तमाशा! खाल्लेल्या पट्टीलाही नवे फुटवे आले. पुढे दोन कापण्या झाल्या, गोठ्याशेजारी गंजी उभी राहिली. काका मात्र गाईबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

जत्रेच्या दिवशी ते पहाटेच निघून गेले. गिऱ्हाईक आणायलाच गेले, असं धरून काकू दिवसभर कपिलीपाशी बसून राहिली. जेवलीसुद्धा नाही.

संध्याकाळी काका आले. बरोबर गिऱ्हाईक नव्हतं, एक तांबडी कालवड होती.

"दोघींना पुरंल ना गो तुझा गवत?"

"न पुराया काय झाला!" म्हणत काकूनं गंजीतून कवळाभर गवत ओढलं आणि कालवडीपुढे टाकलं.