एदेलमिरामावशीचं घर समुद्रावरून गेलं

ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल आम्ही एदेलमिरामावशीचं घर खाडीपलीकडे नेलं. अख्खं घर, चुलीसकट!

कडा ढासळत ढासळत पार दारापाशी आला होता. पुएर्तो मोंत शहरातून तिचा मुलगा नेल्सन आला नि म्हणाला, "आई, सोड हे खोपटं. नवं तयार घर घेऊन देतो."

"भिंती धड, छप्पर धड. जागा बिघडली तर घराला का शिक्षा?" मावशी म्हणाली आणि तिने मिंगाची हाक दिली. मिंगा म्हटलं की आमचं सगळं गाव फुकट राबतं आणि ज्याचं काम तो जेवू घालतो, बस्स.

ही बाई अशीच. दोन पातेली, एक चूल, स्वतः विणलेल्या घोंगड्या आणि तोंडभर हसू. कुणी नवी वस्तू मिरवली की विचारते, "का रे, जुनी मेली का?"

बैलांनी घर ओढून वाळूवर आणलं. आम्ही खाली रिकामी पिंपं बांधली आणि घराचे दोर होड्यांना. भरती मोठी होती. त्यात घर तरंगलं नाही तर लाटा त्याच्या फळ्या फळ्या करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी चढलं. एक कोपरा उचलला, दुसरा, तिसरा! चौथा मात्र रुतूनच. माझ्या होडीचा दोर करकरायला लागला.

"त्या कोपऱ्यात काय बैल बांधलाय?" मी ओरडलो.

नेल्सनचं तोंड उतरलं. "फ्रिज आहे... आणि कपडे धुवायचं मशीन. पलीकडे गेल्यावर आईला चकित करणार होतो."

"वा रे शहाण्या! आत्ताच केलंस की!"

मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी. "काढ ते बाहेर! माझं घर जाईल रे!"

नेल्सन चकचकीत बुटांसकट पाण्यात शिरला. आम्ही सगळ्यांनी मिळून ती धुडं किनाऱ्यावर ढकलली. आणि चौथा कोपरा हलला, डुलला, सुटला! घर तरंगलं! मी रडलो, लपवायचं कशाला?

संध्याकाळी नव्या जागी त्याच चुलीवर बटाटे शिजत होते. दोर ओढून नेल्सनच्या तळहातांना फोड आले होते.

"आई, त्या वस्तूंचं काय करू?"

"शाळेला दे."

"मग पुढच्या वेळी तुझ्यासाठी काय आणू?"

"काही नको. पुढच्या महिन्यात गावातल्या रेमिहियोचं घर हलवायचंय, तेव्हा ये. आणि रिकाम्या हातांनी ये हो. दोर धरायचाय."