परक्या यानाला दिलेला निरोप

यजमान जाऊन दीडेक महिना होत आला. परवा शिरवण्याच्या हिराबाई वाशीला आमच्या घरी भेटायला आल्या. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवली आणि थेट ह्यांच्या रेडिओसमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाय, तुजा घरवाला देवमानूस. माजा निरोप त्यानंच वर पोचवला." मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले...

ह्यांना वेड एकच. कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे आणि घरी आले की चहा गार होईपर्यंत रेडिओला कान लावायचे. त्यासाठी गच्चीवर टाकीपासून खांबापर्यंत तार ताणली होती. डोक्यावरून जाणाऱ्या रशियन यानातली माणसं खाली बोलायची, ते खरखरीतून ऐकायचे. एक शब्द कळायचा नाही, तरी खुदकन हसायचे. "माझ्या माहेरच्यांची एवढी चौकशी कधी केली नाहीत," असं मी चिडवायची. मग रशियनांबरोबर आपलाही माणूस वर गेला. त्याच दिवसांत अमेरिकेचं यानही माणसं घेऊन फिरत होतं.

हिराबाईंचा मुलगा नारायण त्याआधीच मासेमारीला गेला होता, तो परतलाच नव्हता. होडीची फळीही सापडली नाही. आपला माणूस वर आहे हे कळल्यावर त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर आल्या. दिवेलागणीला एक ठिपका सरकू लागला आणि ह्यांनी उत्साहाच्या भरात बोट दाखवलं, "ते बघा, आपला माणूस!" हिराबाईंनी दोन्ही हात वर केले. "आरं पोरा, तुला वरनं समदा दर्या दिसतं नं? माज्या नारायनाची होरी बग रं!"

ह्यांचा चेहरा तेव्हाच उतरला. ठिपका भलत्याच बाजूने आला होता. आपलं यान असतं तर रेडिओत बोलणं आलं असतं, पण नुसती खरखर होती. ते अमेरिकेचं यान होतं.

"उद्या सांगतो त्यांना," हे म्हणाले. मीच अडवलं. म्हटलं, म्हातारीला तेवढाच आधार, कशाला काढून घेता? पुढे ह्यांनी कितीदा विषय काढला आणि दर वेळी मी उडवून लावला. हिराबाई मात्र खाडीकाठी वाट बघत बसू लागल्या. आपल्या माणसाला सांगून ठेवलंय, म्हणून घरच्यांना नारायणाचे दिवस करू दिले नाहीत. सून अजून कुंकू लावते. हे सगळं ह्यांना दिसत होतं, आणि माझ्या शब्दाखातर हा माणूस गप्प राहिला. शेवटच्या आजारातही एकदा म्हणाले, "सांगायला हवं होतं गं..." मी औषधाची बाटली हलवत राहिले. मला स्वतःची लाज वाटते.

पाणी घेऊन बाहेर आले. हिराबाई ह्यांना भाऊ म्हणायच्या. त्यांनी विचारलं, "भावाचं दिवस नीट झालं नं?"

"झाले."

त्यांनी रेडिओवरून हात फिरवला. "माज्या नारायनाचं मी करू दिलं नाय. काय खबर आली असती तं भावानं मला सांगितलीच असती नं, बाय?"

"सांगितली असती," मी म्हणाले, आणि रेडिओवर नसलेली धूळ पदराने पुसत बसले.