जळजळ होण्याआधीच दिलेली गोळी

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोरी अरबकडच्या आमच्या कपाशीची पार वाट लावली, त्याच वर्षी बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती दुर्बिणीतून खरडून काढली. ती परत येऊ नये म्हणून आठवड्याला एक असे सहा डोस द्यायचे होते. ते लागू पडले नाहीत, तर मूत्राशयच काढावं लागणार होतं.

आणि डोस कशाचा, तर क्षयाच्या लशीचा! जिवंत पण दुबळे केलेले जंतू नळीनं आत सोडायचे. बाबा उठूनच बसले. “कॅन्सर कमी पडला का बाप्पा, आता टीबी बी देता?”

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शरीरातल्या काही पेशी हा जंतू पकडतात, फोडतात आणि त्याचा तुकडा लढणाऱ्या पेशींना दाखवतात. मग चवताळलेल्या त्या पेशी जंतूसोबत कॅन्सरलाही सोडत नाहीत.

“म्हणजे बोंड फोडून अळी दाखवाची,” बाबा म्हणाले. “वरून त हिरवंगार दिसते, कोणाले पटते?” मी शाळेत विज्ञान शिकवते, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, एखादा दिवस जळजळ होईल, बारीक ताप येईल, घाबरू नका, जास्त झालं तर फोन करा. पण मी पडले कास्तकाराची पोरगी. आमच्याकडे अळी दिसायच्या आधीच फवारा मारतात. पहिल्याच डोसच्या संध्याकाळी, बाबांना काही व्हायच्या आत, मी मेडिकलमधून लघवीच्या जळजळीवरच्या जंतुनाशक गोळ्या आणल्या. सहाही खेपांना दिल्या. बाबा ठणठणीत! मी स्वतःवरच खूश होते.

तपासणीत नवी गाठ दिसली.

“ताप, जळजळ काही?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकदाही नाही, साहेब,” बाबा ऐटीत म्हणाले.

डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. दुसरं काही औषध घेतलं का, असं त्यांनी विचारलं आणि बाबांनी जळजळीवरच्या गोळ्यांचं सांगून टाकलं. त्या गोळ्यांनी आपण सोडलेले जंतूच मेले असतील, ते म्हणाले. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “मीच घेतल्या, साहेब. हिले काई माहीत नाही.” आणि मी, विज्ञानाची बाई, गप्प बसले. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

पहिले डोस वायाच गेले होते, म्हणून मूत्राशय काढण्याआधी डॉक्टरांनी एक शेवटची संधी दिली. गाठ काढून पुन्हा सहा डोस सुरू झाले. या वेळी ताप आला. भर दुपारी चादर ओढून बाबा कण्हत होते. “दे ना वं एखादी गोळी.” मी फोन करून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फक्त साधी तापाची गोळी द्यायला सांगितलं. तेवढीच दिली आणि पाय दाबत बसले. मनातून फार भ्यायले होते.

तीन महिन्यांनी दुर्बिणीत सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर बाबांना चिडवत म्हणाले, “पाहा, या खेपेला चोरून गोळ्या खाल्ल्या नाहीत, तर कसं झालं!”

“त्या मी दिल्या होत्या,” मी म्हणाले. “बाबा खोटं बोलले.”

 बाबा माझ्यावर चिडले, खरोखर चिडले.

“मी मूत्राशय द्याले तयार होतो,” ते म्हणाले, “अन् तुले एवढं झाकून ठेवता नाही आलं?”