लुंबर

मी मुलांसाठी एक लांबलचक गोष्ट लिहीत होते. तापीसारख्या नदीकाठचा, पण कुठल्याच नकाशात नसलेला एक मुलूख. त्यात एक प्राणी होता. निंबोल्याला नणंदेच्या शेतात वाऱ्याने चिरफाळलेली केळीची पानं पाहिली, तेव्हा तो सुचला. तसेच फाटके कान, म्हशीएवढं अंग, आणि चालायचा नदीच्या तळावरून. नाव मात्र सापडेना. मी शोधलेली जडजड नावं ऐकून आमचे हे म्हणायचे, हे तर एखाद्या औषधाचं नाव वाटतं. शेवटी लिहिताना मी तिथे जागा कोरी सोडू लागले.

त्याच उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पॉवरलूमच्या खटखटाटात आवाज चढवून बोलणारा माणूस दवाखान्यातून एकच शब्द घेऊन घरी आला, "लुंबर." चहा हवा तरी लुंबर, खिडकी लावायची तरी लुंबर. आपलं चुकतंय हे त्यांना कळत होतं. कोणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

डॉक्टर म्हणाले, ह्यांच्याशी बोलत राहा. दिवसभर बोलायचं तरी काय? मी गोष्ट वाचून दाखवायला लागले. कोरी जागा आली की थांबायची. एका दुपारी अशीच थांबले, तर ते स्पष्ट म्हणाले, "लुंबर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "हेच नाव ठेवू त्याचं?"

त्यांनी मान हलवली आणि हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण झटक्यानंतर पहिल्यांदाच.

मग मी तो शब्द त्या प्राण्यासाठीच राखून ठेवला. चहासाठी त्यांनी लुंबर म्हटलं की मी सांगायची, तो नदीत आहे, तुम्हाला काय हवंय? ते चिडायचे, पण शब्द शोधायचे. आधी कारखान्यात कामगारांशी बोलायची हिंदी आली, "चाय." मराठी मागून, हळूहळू.

आता ते छोटी वाक्यं बोलतात, रिक्षाने कारखान्यात जाऊन तासभर बसतात. पुस्तक छापायला दिलं तेव्हा संपादक म्हणाले, ह्या नावाचा काही अर्थ लागत नाही, बदलता का? मी ह्यांना विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. मग शब्द जुळवत पुढे म्हणाले, "त्याला एकटा नको ठेवू."

म्हणून शेवटच्या प्रकरणात लुंबरीण आली. तिच्या नावासाठी मात्र काहीच खटपट करावी लागली नाही.