आक्कांच्या माळावरचा खड्डा

मुरमासाठी नवी जागा बघायला गेलं की बाकीचे लोक विचारायचे, माल किती निघेल? आमचे मुकादम विचारायचे, "खड्डा बुजवायचा कवा?" अजून कुदळही पडलेली नसायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.

"मुकादम, आधी खणू तरी द्या," मी म्हणाले.

"खणायला काय, कुनालाबी येतंय की मॅडम," ते म्हणाले आणि काठी टेकत माळाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

मी तेव्हा हातकणंगल्याला बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मुकादम रस्त्याच्या गँगवर होते, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. शिरोळच्या बाजूला एक वस्ती होती. पूर आला की तिचा एकुलता एक रस्ता पाण्याखाली जायचा आणि माणसं, जनावरं आतच अडकायची. तो रस्ता भराव घालून उंच करायचा होता. तिकडच्या काळ्या रानात मुरूम कुठला मिळणार? म्हणून आम्ही आमच्याकडचे माळ धुंडाळत होतो.

मुरूम पारखायची त्यांची एक रीत होती. मूठभर मुरूम घ्यायचा, बाटलीतलं पाणी शिंपडायचं आणि मूठ आवळून थोडा वेळ गप्प उभं राहायचं. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांना चिखल लागता कामा नये. प्रयोगशाळेचा अहवाल यायला आठवडा लागायचा. तो आला की मी त्यांना वाचून दाखवायची. ते "व्हय, व्हय" म्हणत ऐकून घ्यायचे, जणू मला बरं वाटावं म्हणून.

अशा मुठी आवळत आम्ही आक्कांच्या माळावर पोचलो. आक्का म्हणजे साठीच्या एक जैन शेतकरीण, नवऱ्यामागे शेती एकटीने बघणाऱ्या. त्यांनी अट घातली. "चातुर्मास लागायच्या आत सगळं आटपा. पावसात किडामुंगी वर येत्यात, त्यांच्यावर मशीन घालायचं न्हाई. आनि माझं रान मला रान म्हनून परत पायजे."

मी कागदांवर सह्या घेण्याच्या गडबडीत होते. मुकादमांनी मात्र हात जोडले. "आक्का, शब्द दिला."

कागदावरचा नकाशा माझा होता, पण खरा नकाशा त्यांनी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने आखला. विहिरीपासून लांब, बांध सोडून, उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात, म्हणजे पाणी खड्ड्यात न साठता बाहेर पडेल. वरची वीतभर माती आधी खरवडून वेगळा ढीग घातला. एकदा मशीनवाल्याने त्यातलीच माती रस्त्याच्या गाडीत भरायला घेतली. मुकादम सरळ मशीनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "मुरूम डोंगरभर हाय रं! ही माती कुठनं आननार हाईस?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

रस्ता झाला. रोलर फिरला. त्याच दुपारी साहेबांचा फोन आला, मशीन दुसऱ्या कामावर पाठवा. मी म्हटलं, अजून खड्ड्याचं काम बाकी आहे. ते म्हणाले, "राहू दे खड्डा. पाणी साठेल, शेततळं होईल. आक्काच खूश होतील."

मी मुकादमांना निरोप सांगितला. ते मातीच्या ढिगाच्या कडेला उकिडवे बसून म्हणाले, "मी ज्वान हुतो तवा असाच एक खड्डा खणलाता. उभ्या कडा ठेवून आमी निघून गेलतो. पाऊस लागल्यावर तिथं बायका धुनं धुवाय जायला लागल्या. एक जन घसरली, वर यायला धराय काय न्हवतं. दोन लेकरं हुती तिला." हातातलं ढेकूळ फोडत म्हणाले, "कुनी मला काय इचारलं न्हाय, मॅडम. कागदावर त्यो खड्डा कुनाचाच न्हवता. पर खणला मीच की."

मी मशीन दोन दिवस थांबवून घेतलं. नोकरी नवी होती, पण थांबवलं. त्या दोन दिवसांत उभ्या कडा तोडून हलके उतार केले, पाण्याला वाट काढली आणि राखून ठेवलेली माती सगळीकडे पसरली. मशीन पोचत नव्हतं तिथे मुकादम स्वतः फावडं घेऊन उतरले. चौथ्या दिवशी मला खुलासा मागणारं पत्र आलं. मुकादम म्हणाले, "उत्तरात माझं बी नाव घाला." मी घातलं नाही.

त्या पावसाळ्यात पूर आला. वस्तीवरची सगळी माणसं आणि जनावरं नव्या भरावावरून ट्रॅक्टरनं सुखरूप बाहेर आली. इकडे आक्कांच्या माळावर पाणी साचलं नाही, गवत मात्र उठलं. पुढच्या वर्षी त्यांनी तिथे कुळीथ टाकला. तोवर मुकादम निवृत्त झाले होते आणि माझी बदली झाली होती.

मागच्या वर्षी मी पुन्हा त्या भागात आले, मोठ्या हुद्द्यावर. एक तरुण अभियंता मुरमाची जागा शोधत होता. मी म्हटलं, चल, जुनी खाण कशी सोडायची ते दाखवते. आक्कांच्या रानात भुईमूग उभा होता. मी इकडे फिरले, तिकडे फिरले. मला जागा सापडेना. आक्कांना विचारलं, तर त्याही कपाळाला हात लावून बघत राहिल्या. "हितंच कुठंतरी हुता की गं."

तिथून मी तशीच मुकादमांच्या घरी गेले. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. त्यांच्या बायकोने मला ओळखलं नाही, त्यांनी लगेच ओळखलं. मी खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. खड्डा सापडला नाही, आक्कांनाही सापडला नाही.

ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग त्यांचा डावा हात हलला, माझ्या हातावर येऊन थांबला आणि चेहऱ्याच्या एका बाजूने ते हसले.

"पुन्यांदा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. महिन्याभराने ते गेले.