दुसरा बुधवार

माझा थोरला भाऊ जळकोटला शिलाईचं दुकान चालवायचा. काही वर्षांखाली त्याने एकाएकी काम सोडलं. मशीन चालू केली की बाहेर लोक माझ्यावर बोलतात, म्हणायचा. दिवसभर दार लावून बसायचा, रात्री झोपायचा नाही, आणि आई त्याच्या दाराशी जागत बसायची. कुणी अंगारा आणून दिला, कुणी लग्न करा ना त्याचं म्हणालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, की हे माझं काम नव्हे, मनाच्या डॉक्टरला दाखवा. आणि तो इथे नाही, लातूरला नाहीतर नांदेडला.

पहिल्या खेपेला लातूरला नीट जाऊन आलो. गोळ्यांनी त्याला झोप लागायला लागली. दुसऱ्या खेपेला भरलेल्या एसटीत त्याचा जीव घाबरला. मागचे सगळे आपल्याविषयीच बोलतायत म्हणत तो वाटेत शिरूर ताजबंदला उतरला, तो पुन्हा चढेचना. आई त्याच्याशेजारी स्टँडवरच्या बाकड्यावर दुपारपर्यंत बसून राहिली. शेवटी आम्ही परतीची गाडी धरली. पुढच्या वेळीही तेच. गोळ्या संपल्या आणि दादा परत दाराआड गेला. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

मग एक दिवस सरकारी दवाखान्याचं काम बघणारी गल्लीतली आशाताई सांगत आली, की पुढच्या महिन्यापासून लातूरच्या डॉक्टरबाई दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी इथल्याच सरकारी दवाखान्यात बसणार आहेत, याच आजारासाठी. आईने दादाला विचारलं.

"एसटीत बसायचं न्हाई ना?"

"न्हाई. चालत जायचं," आई म्हणाली.

"मग येतो."

दवाखान्यात ओळखीचीच चार माणसं रांगेत दिसली. आधी सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग मागच्या गल्लीतल्या मावशींनी सरकून दादाला बाकावर जागा दिली. डॉक्टरबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे न बघता. मला तिथेच रडू आलं.

सहा-सात महिन्यांनी त्याने दुकान उघडलं, आधी फक्त सकाळचं, शाळेच्या गणवेशांपुरतं. गोळ्या अजून चालू आहेत. आवाज अधूनमधून येतात, पण ते खरे नाहीत हे आता त्याचं त्यालाच कळतं.

मागच्या महिन्यात मी माहेरी गेले, तर दादा घरात नव्हता. कुठे गेला म्हणून विचारलं.

"बाजारात असंल," म्हणत आई लवंडली, आणि माझा चहा व्हायच्या आत तिला गाढ झोप लागली.